ओल्ड एअरपोर्टचा सामुराई

विश्वचषकाआधीच्या त्या वर्षांत दोह्यात एवढं खोदकाम चालू होतं, की सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं तो संध्याकाळपर्यंत नाहीसा व्हायचा. त्याच धामधुमीत बायकोच्या थोरल्या भावाची कंपनी स्टेडियमचं काम उरकून निघून गेली आणि हा प्लॅनिंग इंजिनिअर बॅगेसकट ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटवर उतरला. महिनाभरात व्हिसा देणारा नवा मालक, म्हणजे स्पॉन्सर, मिळाला नाही, तर थेट नाशिक.

साइटवरच्या एका जपानी सल्लागाराने निरोप देताना त्याला सांगितलं होतं, की जुन्या जपानात सरदार मेला किंवा त्याची जहागीर गेली की पदरचे सामुराई बिनधन्याचे व्हायचे. त्यांना रोनिन म्हणत. बिचाऱ्याने सांत्वन केलं होतं. आमच्या मेहुण्याने ती पदवी समजून घेतली. पांढरं हेल्मेट टीव्हीशेजारी तलवारीच्या थाटात मांडलं.

“जावईबापू, रोनिन उपाशी असला तरी दात कोरत बसायचा. पोट रिकामं आहे हे दिसू द्यायचं नाही.”

“तुम्ही तर सहा पोळ्या खाऊन कोरताय.”

“त्यांना अशी बहीण नव्हती,” तो म्हणाला.

अखेर हमद पोर्टच्या एका कंटेनर यार्डातून बोलावणं आलं. मी गाडीने सोडलं. स्वारी प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आली.

“मॅनेजर कतारी, पण देवमाणूस. म्हणाला, रविवारपासून ये. मी म्हटलं, नको नको, उगाच तुम्हाला कशाला त्रास.”

“मग?”

“खलास म्हणाला, हात मिळवला. आता फोन करेलच आग्रहाचा.”

फोन आला नाही. आठवडाभर हा मोबाईल उशाशी घेऊन बसला आणि दात कोरायचंही विसरला. शेवटी बायको म्हणाली, “दादा, तो काय पंगतीतला वाढपी आहे, जिलबी घेऊन तुझ्यामागे फिरायला? यल्ला, ऊठ. आणि आज आत जे देतील ते घ्यायचं. नको म्हणायचं नाही.”

या वेळी यार्डाच्या ऑफिसात मीही सोबत आत गेलो. आधी गहवा आला, ती वेलदोड्याची अरबी कॉफी. रिकामा कप जरा हलवून परत दिला नाही, तर वाढणारा भरतच राहतो. मेहुणा पीत राहिला. माझ्या अंदाजाने येमेनचं त्या वर्षीचं निम्मं पीक त्या दुपारी संपलं. मी खुणेने कप हलवून दाखवला, तर कुजबुजला, “ती काय म्हणाली, ऐकलंत ना?”

मॅनेजरच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, “त्या दिवशी नोकरी नको होती, आज कॉफी सोडत नाहीस. ती जागा तर गेली. यार्डात सुपरवायझर हवाय. उन्हात उभं राहायचं. जमेल?”

प्लॅनिंग इंजिनिअरने वातानुकूलित टेबलाकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग भरलेला कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, “रविवारी किती वाजता येऊ?”