काठी लागली ती जागा

वडीगोद्रीच्या थांब्यावर ती माझ्या शेजारी बसली होती. मेंढ्या राखणारी, पन्नाशीची बाई. सोबत तिचा तरणा मुलगा, मांडीच्या हाडाचा कॅन्सर झालेला. तो उठू लागला की तिचे हात पुढे यायचे आणि त्याला न शिवताच मागे जायचे.

मी जीवशास्त्र शिकवतो हे कळल्यावर ती म्हणाली, "भाऊ, मी याला काठी मारल्ती. तिथंच गाठ आली."

"काठीत एवढी ताकद असती तर एक मेंढी उरली नसती," मुलगा हसला.

"काठीनं कॅन्सर होत नाही, ताई," मी म्हणालो. "पेशीत काही प्रथिनं असतात. ती जनुकांना जागं करतात, डीएनएची नक्कल सुरू करायलाही लावतात. काम झालं की गप्प होतात. कॅन्सरमध्ये ती गप्पच होत नाहीत, म्हणून पेशी वाढत सुटतात."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मंग मी याला इतके दिवस हात न्हाई लावला, ते कशापायी?"

पेशींचं हे सगळं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो. घरी कॅन्सरनं खाटेला खिळलेली माझी बायको शेवटपर्यंत विचारत होती, "माझं काय चुकलं हो?" आणि मी खाली मान घालून तिला औषध काढून देत राहिलो.