सोललेले वाल

वालांना मोड आले की घरभर उग्र वास सुटतो, आणि मला रोह्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. एन्झाइमचं प्रॅक्टिकल होतं. मोड आलेले वाल ठेचून टेस्ट ट्यूबमध्ये घालायचे आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं. वालातल्या एन्झाइममुळे भसाभस फेस येतो. वाल घरून आणायला सांगितले होते. कासूला आमच्या घरी आईने सकाळीच त्यांवर उकळतं पाणी ओतलं आणि एकेक दाणा सोलून डबा भरला. "सालासकट वाल सरांना कसे द्यायचे गो?" ती म्हणाली. वर्गात सगळ्यांच्या नळ्यांतून फेस उतू गेला, माझी नळी ढिम्म. प्रयोग फसला तर जर्नलवर सही मिळणार नव्हती. सरांनी डबा उघडून पाहिला. "गरम पाण्यात टाकलेस?" "व्हय सर. आईने सोलून दिले." मुलं हसली. सर हसले नाहीत. माझी नळी वर धरून ते म्हणाले, "एन्झाइम हे प्रोटीन. उकळत्या पाण्याने त्याची घडी मोडते, मग ते काम करत नाय. हे दाखवायला मला हेच वाल हवे होते." उरलेलेही त्यांनी ठेचायला घेतले आणि जर्नलवर सही केली. घरी रिकामा डबा बघून आईने विचारलं, "आवडले काय सरांना?" मी व्हय म्हटलं. आता पेणला मीच हा प्रयोग शिकवते. फेस न येणारी एक नळी मुद्दाम ठेवते. तिच्यासाठी वाल आईच सोलून देते. सालासकट मुलांना कसे द्यायचे, म्हणते.