बाईंची मोठी अक्षरं

मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते बातम्यांच्या वाहिनीत टेलिप्रॉम्प्टर चालवायचे. म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या काचेवर बातमी सरकवत न्यायची आणि वाचणाऱ्याने ती तोंडपाठ असल्यासारखी सांगायची. एक वेलांटी चुकली तरी हा माणूस अर्ध्या ऑफिसला फैलावर घ्यायचा, म्हणून मास्तर.

त्या वर्षी एकदम तीन नव्या वाहिन्या निघाल्या आणि जुन्यांचं धाबं दणाणलं. नवे साहेब आले. स्टुडिओतलं लाकडी टेबल जाऊन काचेचं आलं, आणि पडद्यावर चष्मा नको, पिकला केस नको, असा फतवा निघाला. संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्या बाई धास्तावल्या. बावीस वर्षं वाचत होत्या बिचाऱ्या, आणि आता डोळे दगा देऊ लागले होते. लेन्स त्यांना सोसत नव्हत्या.

"मास्तर, अक्षरं जरा मोठी कराल?" एकदा त्यांनी हळूच विचारलं. "पण कुणाला कळता कामा नये हं. कळलं तर मला घरीच बसवतील."

"या कानाची त्या कानाला खबर लागणार नाही, बाई."

आणि शब्द पाळला पठ्ठ्याने. काचेवर चारच्या जागी दोनच ओळी मावायच्या, हात दुप्पट वेगाने चालवावा लागायचा. बातम्या संपल्या की अक्षरं गुपचूप पहिल्याएवढी लहान. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही. मास्तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

मग भाचीचं लग्न निघालं. चार दिवसांची रजा. त्यांच्या जागी सकाळच्या पाळीची ऑपरेटर बसणार होती, पोरगी चांगली, पोटात गोष्ट ठेवणारी. तिला एक वाक्य सांगायचं होतं फक्त. ते मास्तरांच्या ओठांवर आलंही, पण दिलेला शब्द आठवला आणि त्यांनी गिळून टाकलं. अक्षरं लहान केली, काच पुसली, आणि शहाण्यासारखे लग्नाला गेले.

पहिल्याच संध्याकाळी बाई अडखळल्या. एका मंत्र्याचं खातं चुकलं, अपघातातल्या मृतांचा आकडा चुकला. हातातल्या कागदावरची अक्षरं तर त्याहून बारीक. मग पाच-सहा सेकंद त्या नुसत्या काचेकडे बघत राहिल्या, आणि घरोघरी लोकांनी ते पाहिलं. मास्तर परतले तेव्हा बाईंच्या खुर्चीत नवी मुलगी बसली होती. बाईंना निरोपाचा गुच्छसुद्धा देऊन झाला होता.

महिनाभर मास्तरांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी धीर करून ते बाईंच्या घरी गेले. दार उघडलं, तर नाकावर जाडजूड चष्मा.

"बाई, माझं चुकलं," बसायच्या आधीच ते म्हणाले. "त्या पहिल्या दिवशी, बातम्यांच्या जरा आधी, लग्नघरातून फोन हातात घेतला होता मी. ऑपरेटरला सांगावं म्हणून. मग वाटलं, एका दिवसाने काय होतंय, उद्या बघू. ठेवून दिला."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मीही घेतला होता," त्या म्हणाल्या. "मेकअपच्या खुर्चीत. तुम्हाला विचारावं म्हणून. मग म्हटलं, लग्नघरात कशाला त्रास द्यायचा? मास्तर काही विसरणाऱ्यातले नाहीत, तिला सांगूनच गेले असतील."

त्यापेक्षा बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मास्तरांना परवडलं असतं.