पहिल्या गोणीवरचा श्री

शुद्धलेखन माझं कच्चं आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर पाटी हातात आलीच नाही. हे कुणी वाचायचं नाही, तरी माफी मागून ठेवते. पण याच हातानं लिहिलेलं एके काळी बोटीतून परदेशी जात होतं.

मुळशीत एका शेठचं हिरड्याचं गोदाम होतं. बायका हिरडा वाळवून गोण्या भरायच्या. माल ट्रकनं पुण्याला, तिथून रेल्वेनं मुंबईच्या गोदीत जायचा. गोण्यांवर मार्का घालणारा माणूस सोडून गेला, म्हणून शेठनं मला बोलावलं. मी चारचौघांत तोंड न उघडणारी. पण काजळी आणि तेल कालवलेला डबा हातात आला आणि अंग शहारलं. अक्षरं कापलेला पत्रा गोणीवर ठेवायचा, कुंचला फिरवायचा, पत्रा उचलला की खाली काळाभोर मार्का. माझं मन भरतच नसे.

शेजारी गोण्या शिवणारी नणंद म्हणायची, "वयनी, गोणी हाय ती, नवरी न्हाई. किती नटवतीस?"

शेठनं सांगितलं होतं, "पहिल्या गोणीवर श्री काढत जा. शुभ असतं." त्याचा पत्रा नव्हता. मार्क्याच्या उलट्या बाजूला मी तो हातानं ठसठशीत काढायची.

मग दर खेपेला मुंबईला एक गोणी कमी पोचू लागली. शेठनं तिची किंमत माझ्या मजुरीतून कापली. "तुझा मार्का नीट उठत नाही. आणखी एक गेली तर दुसरं माणूस बघेन."

नणंद म्हणाली, "अन् गोणीला काय पाय फुटलं व्हय, शेठ?" मला मात्र बोलवेना.

आमचे हे त्याच ट्रकवर हमाल होते. मी म्हणाले, "मला पुण्याला न्या."

"गाडी लागंल तुला. वकशील."

"वकीन. पण बघीन."

मालधक्क्यावर केवढी गडबड. स्टेशनचे हमाल मार्का बघून प्रत्येक व्यापाऱ्याची वेगळी थप्पी लावत होते. आमची पहिली गोणी उतरली. हमालानं वरचं अक्षर पाहिलं आणि ती पलीकडच्या थप्पीवर टाकली. मी धावले. त्या सगळ्या थप्पीवर श्री, श्री, श्री. तो दुसऱ्याच व्यापाऱ्याचा मार्का होता.

"श्रीचा माल श्रीत टाकला, बाई. आमचं काय चुकलं?"

"ती उलटी करा," मी म्हणाले, आणि माझा आवाज एवढा मोठा निघाला की ह्यांनी वळून बघितलं. गोणी उलटली. खाली आमचा मार्का, स्वच्छ उठलेला. मला हसू आवरेना.

परत आल्यावर मी तडक गोदामात गेले. शेठला सगळं मीच सांगितलं, ह्यांना बोलू दिलं नाही. शेठ म्हणाला, "त्या व्यापाऱ्याकडून पैसे वसूल झाले की देईन."

वसूल झाले, तेव्हा त्यानं निम्मेच पुढे केले. मी जागची हलले नाही.

"शेठ, वयनी हितंच मुक्काम करतीया बरं का," नणंद म्हणाली.

शेठ हसला. गल्ला पुन्हा उघडला आणि कापलेली मजुरी त्यानं पुरी माझ्या हातावर ठेवली.