तीन चुलींची घरपट्टी

त्या घरपट्टीच्या नोटिशीचा तपास मी अजून विसरलेले नाही. विसरणार कशी? माझ्या हातून झालेला तो एकुलता एक तपास. आमचे हे निजामाच्या पोलिसात जमादार होते. जेवताना चौकीतल्या गोष्टी सांगायचे. खबर, जबानी, पंचनामा हे शब्द ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं, की निम्मी जमादार मीच आहे. वय लहान, अक्कल त्याहून लहान.

हे येरमाळ्याच्या यात्रेत बंदोबस्तावर होते. इकडं धाराशिवात कचेरीचा चपराशी उर्दूतली नोटीस देऊन गेला. मोठ्या दिरांना उर्दू येत नव्हतं. त्यांनी चपराशाकडून आकडा तेवढा ऐकला आणि घर डोक्यावर घेतलं. मध्यंतरी कचेरीचा माणूस घर मोजून गेला होता, त्यावरनं पट्टी दुपटीच्या वर गेली होती.

"समोरची खोली भाड्यानं द्यायची. आत्याला तामलवाडीला धाडा," ते सासूबाईंना म्हणाले. "आन् मोजणीवाल्याजवळ आपल्या घरातलं कोण काय बोललं, ते मला कळू द्या. मग बघतो."

ही त्यांची आत्या म्हणजे माझी मावळण, सासऱ्यांची विधवा बहीण. समोरच्या खोलीत राहायची. तामलवाडीच्या सासरच्यांनी तिला एकदा दारातूनच परत लावून दिलं होतं. दिरांचं बोलणं ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. मलाही एका जागी बसवेना. मी तपास हाती घेतला.

पहिला संशय समोरच्या घरातल्या खालावर, आमच्या मुसलमान शेजारणीवर. पुरावा काय, तर तिच्या खिडकीतून आमचं दार दिसतं! विरजणाची वाटी घेऊन मी तिच्याकडं गेले. संशयिताला आधी बोलतं करायचं, एवढं मला माहीत होतं. तेच खालाला जास्त माहीत होतं. चहा संपेपर्यंत आमच्या घरातली सगळी भांडणं मी तिला सांगून बसले.

मग तीच म्हणाली, "नोटीस आन की गं. आकडाच ऐकला का तुमच्या जेठानं? बाकी कौन वाचनार?"

मी पदराखालून नोटीस आणली. खालानं चष्मा लावला.

"लिखेला है, हे घर भाड्यानं दिलं तर किती येईल, त्यावरनं किंमत धरली. मालक एक, किरायादार दोन. कौन है तुमचे किरायादार?"

"एकबी न्हाय!"

"तो अर्ज करा. मुदतीत तक्रार करता येती, खाली लिखेला है. पण साहेब घर परत बघायला येईल, हां. जे दिसंल ते सगळं लिहील."

घरी आले ती येरझाऱ्या घालतच. दोन किरायादार आले कुठून? मोजणी झाली तेव्हा गडीमाणूस घरात नव्हतं. आम्ही बायका आतल्या दाराआड. परक्यासमोर कोण जाणार? बाहेर होती ती एकटी मावळण. तिच्यापुढं जाऊन बसले, तर विचारायच्या आधीच तिनं जबानी दिली.

"घरात चुली किती, इचारलं त्यानं. तीन हायत, तीन म्हनले. खोटं कशाला बोलू?" मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "थोरल्याला सांगशील का गं, पोरी?"

तिची सोवळ्यातली चूल वेगळी होती. आणि तिसरी? तिखटावरून जाऊबाईंशी भांडून मी परसात तीन दगड मांडले होते, वेगळं संस्थान काढल्याच्या थाटात. आमच्याकडं चूल वेगळी म्हणजे बिऱ्हाड वेगळं. दोन किरायादारांपैकी एक मावळण, आणि दुसरी जमादारीणबाई स्वतः.

दिरांसमोर मला बोलता येत नसे. मी सासूबाईंच्या कानात सांगायचे, त्या मोठ्यानं. चुलींवरून चूक झाली, एवढंच सांगितलं. अर्ज करावा की नाही, यावर घरात कुणाला चैन पडेना. सकाळी करू म्हणायचे, दुपारी नको.

"साहेब आला तर मागची नवी खोली बघंल. ती अजून मोजलेली न्हाय," दीर म्हणाले.

सासूबाईंनी शेवटी तोडून टाकलं. "हाय ती खोली लिहू दे. नसलेली दोन बिऱ्हाडं कशाला डोक्यावर घ्यायची?"

"मग निदान दोन चुली फोडा. सारवून टाका."

मी सासूबाईंच्या कानाला लागले. "ताजं सारवलेलं लगेच दिसतं म्हणती ही," त्या म्हणाल्या. "चौकीत पैलं तेच बघत्यात म्हणं."

"हिलाच जमादार करा," दीर म्हणाले. पण चुली राहिल्या.

अर्ज गेला. साहेब आले, अंगणात उभे राहिले. आम्ही दाराआड.

"किरायादार नाही, तर चुली तीन कशाला?"

"एक माझ्या नणंदेची सोवळ्याची," सासूबाई म्हणाल्या आणि मला कोपर मारलं. मी जबानी पाठ केली होती. तोंडातून निघालं भलतंच. "जाऊबाईंच्या हातचं बेचव असतं, साहेब!"

"बेचव?" जाऊबाई उसळल्या. "ही भाजीत मिरच्या घालती का जाळ? पोरांची तोंडं भाजली!"

"भाजली म्हणून दोन भाकरी जास्त खाल्ल्या व्हय?"

"त्या भाकरी माझ्या हातच्या हुत्या!"

"गप बसा गं!" समोरच्या खोलीतून मावळण ओरडली. "कचेरी दारात आलीया!"

साहेब हसत कारकुनाला म्हणाले, "लिखो, एकच खानदान. किरायादार एवढं भांडून एका छताखाली ऱ्हात न्हाईत."

मागची खोली त्यांनी लिहिलीच. तरी नवा आकडा सोसण्यासारखा आला, आणि दिरांनी समोरच्या खोलीचा विषय परत काढला नाही.

हे यात्रेवरून आले. मी सगळा तपास उभ्यानं सांगितला. दीर भिंतीपलीकडंच बसले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"समदं खरं," हे म्हणाले. "पण तीन चुली म्हणून सांगितलं कुणी?"

समोरच्या खोलीत वाती वळणारी मावळण थांबली.

"तपास चालू हाय," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, त्या खोलीकडं पाहिलं. "असू दे चालू," म्हणाले आणि हातपाय धुवायला उठले.

त्या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. नोटिशीतला आकडा ऐकून धावत सुटू नये. तो कशावरनं धरला ते आधी वाचून घ्यावं, आणि फेरतपासणीत आपलं काय उघडं पडेल, तेही तोलावं. दुसरी गोष्ट चौकीतलीच. खबर देणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं. दीर हयात असेपर्यंत मी ते फोडलं नाही. मावळण तर त्यांच्या कितीतरी आधी गेली, त्याच समोरच्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणावर.