घासून लख्ख केलेलं मोदकपात्र

आमच्या मोदकपात्रात साप शिजला होता, आणि नागपंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत मी ते बायकोला सांगितलं नव्हतं.

मोदकपात्र तिचं. चांगलं मोठं, पितळेचं, तिच्या धाकट्या भावाने लग्नात दिलेलं. कतारमध्ये अल खोरला कंपनीच्या घरात राहायला आलो तेव्हा तिने ते नाशिकहून कपड्यांत गुंडाळून आणलं. वर्षातून दोनदाच ते खाली उतरतं, नागपंचमीच्या पुरणाच्या दिंडांना आणि गणपतीच्या मोदकांना. नागपंचमीला आमच्याकडे चिरणं, तळणं, तवा ठेवणं काही चालत नाही, सगळं उकडून. आदल्या दिवशी, चतुर्थीला, ती भावासाठी उपास धरते. मी या गोष्टींना कधी हसलो नाही, पण त्या माझ्याही आहेत असं मानलं नाही. त्या तिच्या आहेत असं धरून चाललो.

यंदा थंडी सरताना त्याच भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ती मुलीला घेऊन नाशिकला गेली.

आमच्या समोरच्या दारात माझ्याच शिफ्टचा एक व्हिएतनामी ऑपरेटर राहतो. बसमध्ये आम्ही शेजारी बसतो आणि बहुतेक वेळा दोघेही झोपतो. एका सुट्टीच्या सकाळी त्याने बेल वाजवली. मोठं भांडं आहे का, म्हणाला. वडिलांना जाऊन वर्ष झालं, जेवण करायचंय, चार मित्र येणार आहेत, तूही ये. वर्षश्राद्ध म्हटल्यावर मी फार विचार केला नाही. माळ्यावर हात घातला आणि जे मोठं हाताला लागलं ते दिलं.

दुपारी गेलो तर घरभर गवती चहाचा वास. मोदकपात्रात तांदूळ आणि मूग मऊ शिजले होते, थेट आपल्या खिचडीसारखे. ओट्यावर वर्तमानपत्रात काहीतरी उरलं होतं, सुक्या बोंबलासारखं, पण बोंबलाहून लांब.

"हे काय?"

"साप," तो म्हणाला. "आमच्या भातशेतातला. वडील स्वतः पकडायचे. आईने वाळवून पाठवला."

फोनवर वडिलांचा फोटो लावून त्याने तो भिंतीला टेकवून ठेवला होता, पुढे पहिली वाटी. श्राद्धाच्या पानाला नाही म्हणू नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पुढे मी स्वतःला हेच कारण देत राहिलो. ते अर्धंच खरं आहे. पहिली वाटी मी त्याच्या वडिलांसाठी खाल्ली. मांस चिवट होतं, बारीक काटे दाताखाली येत होते, पण मूग आणि मिरी यांत ते मुरलं होतं. दुसरी वाटी मी मागून घेतली.

निघताना म्हणालो, "हे भांडं इथे आलं होतं, ते माझ्या बायकोला सांगू नकोस."

त्याचा चेहरा उतरला. "का? घाण झालं?"

"घाण नाही रे. ते देवाच्या कामाचं आहे. आमच्याकडे साप देव असतो."

तो माझ्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी भांडं परत आलं ते मीठ-लिंबाने घासून, सोन्यासारखं. मी ते होतं तिथे ठेवून दिलं.

बायको परत आली. भाऊ घरी आला होता, पण अजून दमत होता, जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. माळ्यावर काही काढताना तिला मोदकपात्र दिसलं. "अगंबाई! हे कुणी घासलं?"

"मी," म्हणालो.

तोंडातून गेलं ते गेलं. ती खाली उतरली, भांडं पदराने पुसलं आणि तिचे डोळे भरून आले. मी तिकडे भावाच्या उशाशी आणि यांनी इकडे माझ्या भावाचं भांडं उजळवलं, असं तिने मैत्रिणींना सांगितलं, आईला सांगितलं, भावालाही सांगितलं. हळदीकुंकवाला एक बाई माझ्याकडे बघत बायकोला म्हणाल्या, "आमच्याकडे पाठवा हो यांना." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

श्रावण आला. चतुर्थीच्या आठवड्यात मी दोह्याहून नवीन स्टीलचं मोदकपात्र घेऊन आलो. ती म्हणाली, "वेड लागलंय का? इतकं घासलेलं घरात असताना?" चतुर्थीला उपाशी पोटी तिने चणाडाळ शिजत घातली आणि मोदकपात्र उतरवलं. यंदा भावासाठी दिंड जास्त करणार होती. तेव्हा सांगितलं. साप, भांडं, दुसरी वाटी, आणि घासलं कुणी तेही.

दारातून मुलगी म्हणाली, "बाबा, यू एट अ स्नेक?"

बायकोने गॅस बंद केला. "माझा भाऊ तिकडे टाके घालून पडला होता," एवढंच बोलली आणि आतल्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. ती भावालाच सांगत होती, रडत. फोन स्पीकरवर होता. मग पलीकडून खरखरीत हसू, मधेच खोकला, पुन्हा हसू. "ताई, दाजींना दे. ओ दाजी! उद्या पूजेला लांब बसा बरं. नाग वास घेत यायचा!" तो हसत होता आणि ती "अरे हळू, दम लागेल" म्हणत होती. ऑपरेशननंतर तो इतकं बोललेला मी ऐकला नव्हता.

फोन ठेवून ती बाहेर आली. मी काही बोलणार, तोच म्हणाली, "तो हसला म्हणून तुम्ही सुटला नाहीत. साप खाल्लात ते तुमचं तुम्ही बघा. पण दुसऱ्याने घासलेल्या भांड्याचं कौतुक मला गावभर करायला लावलंत."

पंचमीला तिने पाटावर चंदनाने नाग काढला, दूध-लाह्या वाहिल्या. दिंड इडलीपात्रात उकडले. ते जरा चपटे झाले. मला वाढण्याआधी तिने एका ताटलीत चार दिंड आणि तुपाची वाटी ठेवून माझ्या हातात दिली. "समोर नेऊन द्या. आणि सांगा, बायकोने दिलेत, भांडं घासल्याबद्दल."

तो दारात उभा राहिला. "तिला कळलं?"

"हो."

"रागावली?"

"माझ्यावर. तुझ्यावर नाही."

त्याने ताटली दोन्ही हातांनी घेतली.

मोदकपात्र अजून ओट्याच्या कोपऱ्यात आहे. तिने ते माळ्यावर ठेवलेलं नाही, वापरलेलंही नाही. नव्या स्टीलच्या भांड्याचा खोका तसाच बंद आहे. गणपती महिन्यावर आलेत. मोदक कशात उकडणार, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.