अर्जुनेचा सुलट काठ

आकाशकंदिलाचे कागद चिकटवायला आज तांदळाच्या पिठाची खळ शिजवली. तिचा तो कोमट, किंचित आंबूस वास घरभर पसरला आणि मन रत्नागिरीतल्या आमच्या शेजारच्या पडवीत जाऊन बसलं. नवं शतक नुकतंच लागलं होतं. माझ्याच शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर त्या पडवीत लाकडी ठशांवरून निसर्गचित्रं छापत. तरुणपणी मुंबईत एका पाहुण्या जपानी कलावंताकडून ते ही तिथली जुनी रीत शिकले होते. प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरायची, खळीत कालवलेला रंग तिच्यावर ब्रशानं पसरायचा, वर ओलसर कागद ठेवून तो तळहाताएवढ्या चकतीनं घासायचा. सगळं हातानं, सावकाश.

त्या वर्षी ते राजापूरची अर्जुना नदी कोरत होते. त्यांच्या पत्नीचं, आमच्या काकूंचं, माहेर तिच्या काठावर. मधुमेहानं काकूंची नजर मंदावत चालली होती आणि ती पुरती विझण्याआधी माहेरचा काठ त्यांना दाखवायचा, एवढाच सरांचा हट्ट होता. पण फळ्यांचं शिवणीचं लाकूड घाई सोसत नाही. पाण्याची निळाई, धुक्याचा राखाडी, कौलांचा तांबडा असे सात रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत श्रावण उलटला. चित्र अप्रतिम उतरलं. सरांनी ते माझ्यादेखत काकूंसमोर धरलं. काकूंनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग अंदाजानं मान सरांच्या आवाजाकडे वळवली.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या. त्यांना काहीच दिसलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं.

सरांनी चित्राची मूळ, रेषांची फळी काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंची बोटं खाचांमधून हळूहळू फिरली आणि थबकली.

"अहो, आमचा घाट डावीकडे कसा गेला?"

"ठसा उलटाच कोरावा लागतो. कागदावर तो सुलट होतो."

"मग मला कागदाचा काय उपयोग?" त्या हसून म्हणाल्या. सरांना हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी फळी घेतली आणि तोच काठ सुलट कोरायला बसले. ही फळी कधीच रंगात भिजणार नव्हती. रोज दुपारी जेवढं कोरून होई, तेवढ्यावरून काकू बोटं फिरवत. पूल, घाटाच्या पायऱ्या, वडाच्या पारंब्या. एके दिवशी त्यांचं बोट एका कौलारू घराच्या दाराशी थांबलं.

"पुरे आता," त्या म्हणाल्या, "घरी पोचले मी."

मार्गशीर्षात त्या गेल्या. सरांनी नंतर पटाशीला हात लावला नाही. छापलेली चित्रं लोकांनी हौसेनं नेली; त्यांचे रंग आता विटलेही असतील. मला मात्र ती न छापलेली फळीच आठवते. घरापर्यंतचा काठ बोटांनी गुळगुळीत झालेला, आणि त्या दारापलीकडे कोऱ्या लाकडाच्या मूळ रेषांतून, कुणीही न कोरलेली नदी आपली पुढे वाहतच राहिलेली.